फ्रेम नंबर एकशे त्र्याऐंशी

चॅनेलची ओळखफीत दहा सेकंदांची असते. दोन कार्यक्रमांच्या मध्ये ती लागते, म्हणजे आपण कुठलं चॅनेल बघतोय हे प्रेक्षकाला कळतं आणि त्याला ते बदलता येतं.

कात्रीबुवांच्या चॅनेलवर नऊ वर्षं एकच ओळखफीत होती. काळ्या आकाशात पृथ्वीचा गोळा फिरायचा आणि त्याच्यामागून चॅनेलची सोनेरी चकती उगवायची. नऊ वर्षांनी भूगोलाच्या एका निवृत्त बाईंचं पत्र आलं, की आपली पृथ्वी उलटी फिरते. साहेबांनी सगळ्यांना बोलावून गोळा सहा वेळा पाहिला. बाईंचं बरोबर होतं. नऊ वर्षं दर तासाला पृथ्वी उलटी फिरली आणि कोणाचं काही अडलं नाही, ह्याचं साहेबांना जास्त वाईट वाटलं.

मग साहेबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. गोटी घरंगळते, पुस्तकाला धक्का देते, पुस्तक पडून दोरी सुटते, दोरीने आणखी काही होतं आणि शेवटी कुठेतरी एक दिवा लागतो. साहेब म्हणाले, "असं काहीतरी पाहिजे. घरगुती. माणसांनी केल्यासारखं."

"हे काय, घरीसुद्धा करता येईल," कात्रीबुवा म्हणाले.

ह्यात विशेष काही नाही, एवढंच त्यांना सुचवायचं होतं. साहेबांनी ते वचन म्हणून घेतलं.

कात्रीबुवा हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. ते चॅनेलवर एडिटर होते, लोकांनी बोललेलं कापायचे, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं आणि पुढे बिल्डिंगीत पसरलं. वय चौतीस. नोकरी सात वर्षांची, पण हंगामी. दर एकोणनव्वद दिवसांनी एक दिवस त्यांना नोकरी नसे. त्या दिवशीही ते ऑफिसात येत, त्याच खुर्चीत बसत, तेच काम करत. फक्त त्या दिवशी त्यांना पाहुण्यांच्या कपात चहा मिळे.

"महिनाअखेरपर्यंत करा," साहेब म्हणाले. "जमलं तर तुमच्या कायम होण्याचा कागद मी स्वतः वर पाठवतो. नाही जमलं तर बाहेरून कॉम्प्युटरवर करून घेऊ, आणि मग तुमच्याबद्दलही एकदा बसून विचार करू."

बसून विचार करू, म्हणजे कात्रीबुवांनी उठायचं, हे सगळ्यांना कळलं.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमेल?"

"का नाही जमणार?"

"गेल्या वर्षी पडद्याचा दांडा बसवलात, तो अजून माझ्या बाजूला उतरता आहे."

"तो उतार मी हिशेबात धरलाय," कात्रीबुवा म्हणाले. "गोटी तिथूनच सोडायची."

यंत्राच्या एकूण एकोणीस पायऱ्या ठरल्या. पडद्याच्या दांड्यावरून गोटी, गोटीने पुस्तकांची रांग, पुस्तकांनी इस्त्री, इस्त्रीने दोरी, दोरीने उंदराचा पिंजरा, पिंजऱ्याच्या दाराने गजराचं घड्याळ, असं करत चौदाव्या पायरीला एक बटणाची छत्री उघडायची आणि तिच्या टोकाने सायकलचं चाक फिरून शेवटी सोनेरी चकती उभी राहायची. सासूबाई त्या महिन्यात राहायला आल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे समजून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ही चकती उभी करायचीय ना? मी करू का?"

कात्रीबुवा इस्त्रीला दोरी बांधत राहिले. कलावंताला घरातून उत्तेजन मिळत नाही हे त्यांनी वाचलेलं होतं.

बाहेरूनही मिळालं नाही. पहिल्याच दिवशी इस्त्री पडली आणि खालून सेक्रेटरी आले. सोसायटीच्या परवानगीशिवाय आवाज करता येत नाही म्हणाले. परवानगीचा अर्ज तीन प्रकारचा होता: गृहदुरुस्ती, वाढदिवस आणि सामान हलवणे.

"माझं यंत्र आहे," कात्रीबुवा म्हणाले.

"यंत्र हा प्रकार नाही."

"मग घाला ना नवीन प्रकार."

"त्याला सर्वसाधारण सभा लागते. ती मार्चमध्ये. वाढदिवस चालेल का?"

"महिनाभर?"

"मग गृहदुरुस्ती करा."

गृहदुरुस्तीची अट अशी होती की रोजचा राडारोडा रोज खाली नेऊन वॉचमनच्या वहीत नोंदवायचा. राडारोडा नसेल तर दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नसेल तर परवानगी नाही. कात्रीबुवांनी वरच्या मजल्यावरच्या काकांकडून त्यांच्या बाथरूमच्या फुटक्या टाइल्सचं अर्धं पोतं उसनं आणलं. रोज एक वाजता ते पोतं खाली नेऊन नोंदवायचे आणि ड्यूटीवर जाण्याआधी मागच्या जिन्याने परत वर आणायचे. अकरा दिवसांत ते पोतं अकरा वेळा खाली गेलं. सेक्रेटरी एकदा वही चाळून म्हणाले, "बरंच तोडलंत."

पोत्याच्या बदल्यात काकांना सल्ला द्यायचा हक्क मिळाला. ते आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झाले होते. यंत्राकडे दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहत ते म्हणाले, "गोटी कशाला? आम्ही पुलात कधी गोटी वापरली नाही."

"हा पूल नाहीये, काका."

"तरी पण."

शूटिंगची वेळ ठरलेली होती. हॉलच्या भिंतीवर पावणेबारा ते सव्वाबारा एवढंच ऊन यायचं, आणि कात्रीबुवांना ते ऊन पाहिजे होतं. बायको सकाळच्या शाळेत शिकवायची, ती तोवर परत आलेली असायची. ती कॅमेऱ्यामागे उभी राहायची, सासूबाई सोफ्यावर बसायच्या, आणि कात्रीबुवा स्टुलावर चढून, श्वास रोखून, दोन बोटांत धरलेली गोटी सोडायचे.

अकरा दिवसांत सतरा टेक झाले. सतराही वेळा चौदाव्या पायरीला छत्री उघडली नाही. बायकोने ती तीनदा दुरुस्तीला नेली. छत्रीवाल्याच्या हातात ती प्रत्येक वेळी उघडली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, छत्री ठीक आहे. घरी काही झालंय का?"

अकराव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात कात्रीबुवांनी सतरा टेक एकाखाली एक लावले. छत्री नेमकी कुठे अडते ते त्यांना बघायचं होतं. एका सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांना अडीचशे. ते एकेक फ्रेम पुढे सरकवत राहिले. छत्रीचं काही कळेना. पण चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, हॉलच्या खिडकीतून, समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी दिसत होती. पहिल्या टेकमध्ये ती बंद झाली. एकशे त्र्याऐंशी नंबरच्या फ्रेमला.

दुसऱ्या टेकमध्येही ती बंद झाली. एकशे त्र्याऐंशी नंबरच्या फ्रेमला.

सतरावा टेक बघून झाल्यावर कात्रीबुवांनी टेकच्या वेळा तपासल्या. टेक वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मिनिटाला सुरू झाले होते. एकदा तर गोटी हातातून निसटून चार मिनिटं आधीच सुटली होती. तरी खिडकी त्याच फ्रेमला बंद झाली होती. एका फ्रेमचाही फरक नव्हता. त्यांच्या आयुष्यात इतकं बिनचूक काम कोणीच केलं नव्हतं, आणि करणाऱ्याला त्याचे पैसेही मिळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले. खिडकी एका एकट्या राहणाऱ्या मावशींची होती. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या वरचे काका खुर्ची ओढतात ना, फरशीवरून? दात शिवशिवतात माझे. मी खिडकी लावून घेते."

"आणि उघडता कधी?"

"तुमच्या घरात एकदम शांत झालं की. तुम्ही लोक फार शांत होता हो. इथपर्यंत येते ती शांतता."

कात्रीबुवा काकांकडे गेले. काका म्हणाले, "नळ गुरगुरला की मी उठतो. पाणी आलं असं वाटतं."

"पाणी येतं?"

"नाही. पण उठतो."

नळ गुरगुरायचा कारण तळमजल्यावर सेक्रेटरी टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचे. सेक्रेटरींनी आधी माहितीच्या अधिकारात विचारा म्हणून सांगितलं, मग म्हणाले, "तुमच्या सासूबाई खोकतात. मला वाटतं बारा वाजले. मी व्हॉल्व्ह उघडतो."

"घड्याळ नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना." त्यांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "पण ते मी बघत नाही, हे आत्ता लक्षात आलं."

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही श्वास रोखता ना, तेव्हा खोली कशी आवळल्यासारखी होते. मला ठसका लागतो."

आता उरला एकच प्रश्न. कात्रीबुवा स्टुलावर चढले आणि आपण श्वास कधी रोखतो ते आठवून पाहिलं. समोरची खिडकी उघडली की तिच्या काचेवरचा कवडसा हॉलच्या भिंतीवरून सरकत जायचा. तो गेला की ऊन बरोबर आलं असं समजून ते श्वास रोखायचे.

त्यांनी हे सगळं एका कागदावर काढलं. कवडसा, श्वास, खोकला, व्हॉल्व्ह, नळ, खुर्ची, खिडकी, शांतता, खिडकी, कवडसा. प्रत्येकापासून पुढच्याकडे बाण. बायकोने कागद हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला.

"ह्यात सुरुवात कुठाय?" तिने विचारलं.

"मी गोटी सोडतो ना, तिथे."

"गोटी ह्यात आहेच कुठे?"

ती नव्हती. कात्रीबुवा कागदाकडे बघत राहिले. बारा दिवस आपण एक यंत्र चालवतोय अशी त्यांची समजूत होती. आपल्याभोवती दुसरंच एक यंत्र रोज न चुकता चालतंय, आणि आपण त्यातली एक पायरी आहोत, ती बहुधा इस्त्रीच्या जागची, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. कात्रीबुवांनी ठरवलं की आज श्वास रोखायचा नाही आणि गोटीला हात लावायचा नाही.

"म्हणजे आज शूटिंगच नाही?" बायको म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे."

"आधी हे मोडायला पाहिजे. हे मोडल्याशिवाय ती छत्री उघडणार नाही."

"बरं. कॅमेरा तर चालू ठेवते."

गोटी दांड्याच्या वरच्या टोकाला, पडद्याच्या कडीला टेकवून ठेवलेली होती. कात्रीबुवा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मांडीखाली दाबून जमिनीवर बसले आणि धापा टाकल्यासारखा मोठ्याने श्वास घेऊ लागले. सासूबाई सोफ्याच्या कडेला सरकल्या. भर दुपार होती, भिंतीवर ऊन होतं, आणि रस्त्यावरून एकही गाडी जात नव्हती.

कवडसा आला. भिंतीवरून सावकाश सरकला आणि गेला.

सासूबाई खोकल्या.

"मी रोखला नव्हता," कात्रीबुवा म्हणाले.

"माहितीय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला ठसकाही लागला नव्हता."

खाली व्हॉल्व्ह फिरला. भिंतीतला नळ गुरगुरला. आणि पडद्याच्या कडीला टेकलेली गोटी, जिला कोणी हात लावला नव्हता, आपली पाळी आल्यासारखी हलली आणि घरंगळायला लागली.

पुस्तकं पडली, इस्त्री पडली, पिंजऱ्याचं दार खटकन मिटलं. वर काकांची खुर्ची ओढली गेली. समोर खिडकी बंद झाली. चौदाव्या पायरीला छत्री इतक्या अलगद उघडली, की तिला आजवर फक्त कोणी नीट सांगितलेलं नव्हतं असं वाटावं. चाक फिरलं. चकती उभी राहिली आणि उन्हात चमकली.

मग बायकोने कॅमेरा बंद केला आणि म्हणाली, "चांगलं आलंय."

ऑफिसात कात्रीबुवांनी फीत तपासली. गोटी पहिल्या फ्रेमला निघाली होती, खिडकी एकशे त्र्याऐंशीला लागली होती, चकती बरोबर अडीचशेव्या फ्रेमला उभी होती. कापायला एक फ्रेमसुद्धा नव्हती. सात वर्षांत पहिल्यांदाच असं झालं आणि ते त्यांच्या धंद्याच्या मुळावरच होतं. साहेबांनी फीत चार वेळा पाहिली. "जिवंत वाटतं," म्हणाले. मग हळूच विचारलं, "ही तुम्हीच केलीत ना?"

कात्रीबुवांच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. पण त्या उत्तराला कायम करता येत नाही.

"हो," ते म्हणाले.

ऑर्डर पंधरा दिवसांत आली. सेवेत कायम, आणि नेमणूक प्रक्षेपण कक्षात: सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासाला ओळखफीत लावण्याची जबाबदारी त्यांची. रजेच्या दिवशी लावायला एक बदली माणूसही दिला. सासूबाईंनी जावयाला पहिल्यांदाच दुसऱ्यांदा वाढलं.

फीत सुरू झाली त्या रविवारी कात्रीबुवा घरी होते. बारा वाजता तिघंही टीव्हीसमोर बसले. हॉल केव्हाच आवरला होता, छत्री दाराआड होती, सायकलचं चाक सायकलला होतं. पडद्यावर गोटी सुटली आणि सोफ्यावर सासूबाई खोकल्या. खाली व्हॉल्व्ह फिरला. नळ गुरगुरला, वर खुर्ची ओढली गेली, समोर खिडकी लागली. पडद्यावरची खिडकी आणि समोरची खिडकी एकाच वेळी लागल्या. एक वाजता पुन्हा तसंच झालं, दोन वाजताही.

बिल्डिंगीत कोणी तक्रार केली नाही, हे जास्त भयंकर होतं. काका एवढंच म्हणाले, की हल्ली पाय दुखतात. सेक्रेटरींनी व्हॉल्व्हला नवीन वॉशर टाकला. मावशी चार दिवस बहिणीकडे दुसऱ्या गावाला जाऊन आल्या. रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तिथं टीव्ही बंद असतो. तरी मी दर तासाला उठून खिडकी लावत होते. तिसऱ्या दिवसापासून बहिणीच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढायला लागलं." त्या हसल्या. "वरचा मजला रिकामाय हो."

त्या रात्री कात्रीबुवांनी बायकोला सांगितलं, "मी ती फीत काढतो."

"आणि ऑर्डर?"

"राजीनामा लिहिलाय."

बायको वह्या तपासत होती. तिचं पेन थांबलं. "सात वर्षं पाहुण्यांच्या कपात चहा प्यायलात," ती म्हणाली.

"काकांचे पाय सुजलेत, पाहिलेस?"

"पाहिले," ती म्हणाली आणि परत वही तपासायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "काढा. काय व्हायचं ते होईल. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी, बाराला दहा सेकंद कमी असताना, कात्रीबुवांनी प्रक्षेपण कक्षात ओळखफीत यादीतून काढली. राजीनामा समोर ठेवला होता. बारा वाजले. सगळ्या पडद्यांवर काळं आलं आणि तसंच राहिलं. साहेब आता धावत येतील म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं.

साहेब दारातच होते. एक पाय आत, एक बाहेर, हातातला कप ओठांपासून चार बोटांवर. कपातली वाफ वर जात होती. बाकी काही हलत नव्हतं.

"साहेब," कात्रीबुवा म्हणाले.

साहेबांच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. काचेपलीकडे टायपिस्टचं बोट एका अक्षरावर टेकून राहिलं होतं. खाली रस्त्यावर रहदारीचा आवाज नव्हता.

फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, आई तोंड उघडून बसलीय," ती म्हणाली. "खोकला येत नाहीये तिला. मी गॅलरीतून बघितलं. सेक्रेटरी व्हॉल्व्हपाशी वाकून उभे आहेत. वर खुर्चीचा अर्धाच आवाज आला. मावशींचा हात खिडकीच्या कडीवर आहे."

"तू ठीक आहेस ना? तू तरी हलतेयस."

"मी तुम्हाला फोन करतेय," बायको म्हणाली. "तेवढंच करता येतंय. दुसरं काही करायला गेले तर हात उचलत नाही. लावा ती."

"काढा म्हणालीस ना काल."

"म्हणाले. आज लावा म्हणतेय. लवकर लावा, आईचा चेहरा निळा पडतोय."

कात्रीबुवांनी फीत यादीत परत टाकली आणि बोट बटणावर नेलं. बटण दाबण्याआधी त्यांनी एकदा दाराकडे, एकदा काचेपलीकडे पाहिलं. सात वर्षं ते ह्या इमारतीत येत होते, आणि एखाद्या दिवशी आले नसते तर कोणाला कळलंही नसतं. आता सगळे थांबले होते. साहेब थांबले होते. सगळे त्यांच्यासाठीच थांबले होते.

ते आणखी तीन सेकंद थांबले. मग बटण दाबलं.

पडद्यावर गोटी सुटली. फोनमधून सासूबाईंचा खोकला ऐकू आला, मग नळ, खुर्ची, खिडकी. बायकोने फोन ठेवला. साहेबांनी चहाचा घोट घेतला, आत आले आणि टेबलावरच्या कागदाकडे बघून म्हणाले, "हे काय?"

"काही नाही. जुना कागद आहे," कात्रीबुवा म्हणाले आणि राजीनामा ड्रॉवरमध्ये टाकला.

एक वाजता त्यांनी पाच सेकंद उशीर केला.